वापरलेल्या मारुती जिप्सीतील यांत्रिक दोष व दुरुस्तीचा खर्च

मारुती जिप्सी हे मारुती उद्योग (नंतरचे नाव मारुती सुझुकी) या कंपनीने डिसेंबर १९८५ मध्ये बाजारात आणलेले, चारही चाकांना शक्ती पुरवता येणारे हलके वाहन होय. सामान्य ग्राहकांसाठी त्याचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. त्यामुळे आज विकत मिळणारी प्रत्येक जिप्सी वापरलेली असते आणि तिचे मूल्य तिच्या यांत्रिक अवस्थेवर ठरते. भारतीय सैन्य, विविध राज्यांची पोलीस दले, वनखाते, मोटारशर्यतीतील स्पर्धक आणि अभयारण्यांतील सफारी-चालक हे या गाडीचे प्रमुख वापरकर्ते राहिले आहेत. महाराष्ट्रात ताडोबा-अंधारी, पेंच आदी व्याघ्र प्रकल्पांमुळे 'जिप्सी' हा शब्द जंगलातील कोणत्याही उघड्या सफारी-गाडीसाठी सर्रास वापरला जातो.

जिप्सीची रचना साधी आहे आणि बहुतेक सुटे भाग अजूनही मिळतात. त्यामुळे इंजिन बिघडणे हा या गाडीतील सर्वांत महागडा दोष ठरत नाही. खरेदीदाराचे नुकसान प्रामुख्याने तीन ठिकाणी होते: गंजलेला पत्रा व चासी, झिजलेला पुढचा एक्सल आणि गाडीशी न जुळणारी कागदपत्रे. यांपैकी पहिला व तिसरा दोष रंगरंगोटीखाली किंवा फायलीत दडलेला असतो, तर दुसरा जिवावर बेतू शकतो.

आवृत्त्या

जिप्सी ही सुझुकीच्या एसजे मालिकेतील लांब चाकांतराच्या गाडीची भारतीय आवृत्ती आहे. तिचे चाकांतर २३७५ मिलिमीटर आहे. पहिल्या एमजी४१० आवृत्तीत ९७० घन सेंटिमीटरचे, सुमारे ४५ अश्वशक्तीचे एफ१०ए पेट्रोल इंजिन आणि चार गतींचा गिअरबॉक्स होता. १९९३ मध्ये डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर वाढवून एमजी४१०डब्ल्यू ही आवृत्ती काढण्यात आली. १९९६ मध्ये 'जिप्सी किंग' या नावाने १.३ लिटरचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे इंजिन आणि पाच गतींचा गिअरबॉक्स असलेली एमजी४१३डब्ल्यू आली. २००० मध्ये याच इंजिनाची १६ झडपांची, इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपण असलेली (बोलीभाषेत 'एमपीएफआय') सुमारे ८० अश्वशक्तीची आवृत्ती बसवण्यात आली व ती अखेरपर्यंत कायम राहिली.

सर्व आवृत्त्यांत शिडीसारखी स्वतंत्र चासी, पुढे-मागे अखंड एक्सल आणि चारही चाकांवर पाट्यांच्या स्प्रिंगा आहेत. पॉवर स्टिअरिंग, एअरबॅग व एबीएस यांपैकी काहीही या गाडीत कधीच आले नाही. वापरलेली गाडी निवडताना एमपीएफआय आवृत्तीला पसंती दिली जाते. तिला शक्ती अधिक आहेच, शिवाय तिचे इंजिन मारुतीच्या एस्टीम आणि १.३ लिटर पेट्रोल स्विफ्ट यांच्या इंजिनांच्या कुळातले असल्याने त्याची दुरुस्ती लहान गावातील मेकॅनिकलाही परिचित असते. ९७० घन सेंटिमीटरच्या इंजिनाचे भाग मात्र आता शोधावे लागतात.

पूर्वायुष्य आणि झीज

जिप्सीचा किलोमीटरचा आकडा फारसा विश्वासार्ह मानता येत नाही. केबलवर चालणारे जुने मापक वर्षानुवर्षे बंद असणे नेहमीचेच आहे आणि ते चालू असले तरी आकड्यावरून झिजेचा अंदाज येत नाही. गाडीने आयुष्य कोठे काढले हे त्याहून अधिक सांगून जाते.

अभयारण्यातील गाडी सहा पर्यटक, वाटाड्या व चालक यांना घेऊन वर्षातील आठ-नऊ महिने खाचखळग्यांच्या मातीच्या रस्त्यावरून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये फिरते. तिचे एकूण अंतर कमी भरते, पण पाटे, शॅकलचे बुश, शॉक अब्सॉर्बर, क्लच आणि इंजिन-गिअरबॉक्सखालचे रबरी माउंट लवकर संपतात. विदर्भाच्या कोरड्या हवेमुळे तिचा पत्रा तुलनेने चांगला राहतो. मात्र अशा अनेक गाड्यांचे छप्पर व बाजूचा पत्रा काढून मागे उंच बाके वेल्ड केलेली असतात, त्यामुळे मूळ रूपात परतणे खर्चिक होते. एअर फिल्टरची निगा न राखल्यास मातीची बारीक धूळ सिलिंडरपर्यंत जाते आणि इंजिन वयाच्या मानाने लवकर तेल पिऊ लागते.

कोकण व गोव्यातील गाड्यांची स्थिती याच्या उलट असते. इंजिन शांत, गिअर हलके, पण खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी तळाचा पत्रा पोखरलेला.

सैन्य व पोलीस दलांच्या निर्लेखित गाड्या लिलावातून बाजारात आल्या आहेत. त्यांची नियतकालिक देखभाल नियमाप्रमाणे झालेली असते, असा एक समज आहे. तो पूर्णपणे चुकीचा नाही, परंतु लिलावाआधी गाडी दीर्घकाळ उघड्यावर उभी राहिलेली असते. उभ्या गाडीत टाकी गंजते, ब्रेकचे सिलिंडर अडकतात, ऑइल सील कडक होऊन फुटतात आणि बॅटरीच्या ताटलीखालचा पत्रा आम्लाने खाल्ला जातो. एप्रिल २०२३ पासून १५ वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी नूतनीकृत होत नाही व ती मोडीत काढली जातात. संरक्षण, कायदा-सुव्यवस्था व अंतर्गत सुरक्षेसाठीची विशेष वाहने या नियमातून वगळलेली आहेत.

गंज

जिप्सीच्या दुरुस्तीत सर्वाधिक पैसा गंजावर जातो. चालकाच्या पायाखालचा तळ, मागच्या चाकांच्या कमानींचा आतील भाग, काचेच्या चौकटीचा पाया, दाराच्या बिजागऱ्यांभोवतीचा पत्रा आणि बॉडी ज्या रबरी ठोकळ्यांवर चासीला बोल्टने जोडलेली असते त्या जागा प्रथम जातात. कापडी छताच्या गाडीत पाणी आत येते आणि रबरी चटईखाली साचते. चटई उचलल्याशिवाय तळाचे मूल्यमापन करण्यात अर्थ नाही.

बॉडीचा गंज कापून, नवा पत्रा वेल्ड करून बरा होतो. चासीचा गंज वेगळा समजावा लागतो. आडव्या दांड्यांचे जोड, पाट्यांचे हँगर जिथे चासीला जोडलेले असतात ती ठिकाणे आणि स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टांभोवतीचा भाग येथे तडा किंवा पातळ झालेला पत्रा आढळल्यास दुरुस्ती केवळ पट्टी मारून संपत नाही, कारण याच बिंदूंवर संपूर्ण गाडीचा भार व हादरे येतात. विक्रीआधी तळाला मारलेला ताजा काळा डांबरी लेप ही बऱ्याचदा संशयाचीच खूण असते. गाडी उचलून स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने चासीवर ठिकठिकाणी ठोकल्यास भक्कम पत्र्याचा खणखणीत आणि गंजलेल्या पत्र्याचा बोदा आवाज सहज ओळखता येतो. बाहेरील पत्र्यावर लोहचुंबक फिरवल्यास पुट्टी भरलेली जागा कळते, कारण तिथे चुंबक चिकटत नाही.

स्वतंत्र चासीमुळे संपूर्ण बॉडी उचलून बाजूला ठेवता येते आणि म्हणून जिप्सीचा पुनरुद्धार इतर मोटारींपेक्षा सोपा आहे. तरीही बॉडी उतरवणे, चासी घासून रंगवणे, नवा तळ बसवणे, डेंटिंग-पेंटिंग व पुन्हा जोडणी या सर्वांचा खर्च सहज लाखाच्या पुढे जातो आणि काम आठवड्यांत नव्हे, महिन्यांत मोजावे लागते. एकाच जागेचा किरकोळ पत्रा बदलणे मात्र काही हजारांत होते.

पुढचा एक्सल व स्टिअरिंगची थरथर

जिप्सीच्या पुढच्या एक्सलची पोकळ नळी दोन्ही टोकांना गोलाकार होते. या गोळ्याभोवती 'नकल' नावाचे कवच वर व खाली अशा दोन किंगपिनांवर फिरते आणि त्यामुळे चाक वळते. प्रत्येक किंगपिनाला निमुळते बेअरिंग असते, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चार. त्यांच्यावरील दाब किंगपिनाखालच्या पातळ चकत्यांनी जुळवलेला असतो. गोळ्याच्या आत बर्फील्ड सांधा असतो. चाक वळलेले असतानाही त्याला एकसारखी गती देणे हे त्याचे काम. हा सांधा ग्रीसमध्ये बुडलेला असतो. नळीच्या आतील एक सील डिफरन्शियलमधील पातळ तेल या ग्रीसपासून वेगळे ठेवते, तर गोळ्यावर घासणारे बाहेरचे मोठे सील पाणी व चिखल अडवते.

आतील सील गेल्यास तेल नकलमध्ये येते, ग्रीस पातळ होते आणि काळपट मिश्रण गोळ्यावरून चाकाच्या आतल्या बाजूला ओघळते. ते ब्रेकच्या डिस्कवर पोहोचल्यास ब्रेक एका बाजूला ओढतो. बाहेरचे सील गेल्यास चित्र अधिक वाईट असते. नदीनाल्यातून जाताना पाणी आत शिरते, बेअरिंगवर गंज चढतो आणि त्यावर खड्डे पडतात. खालचे बेअरिंग नेहमी आधी जाते, कारण पाणी तिथेच साचते.

झिजलेल्या किंगपिन-बेअरिंगांचा सर्वाधिक परिचित परिणाम म्हणजे स्टिअरिंगची तीव्र थरथर. गॅरेजमध्ये तिला 'वॉबलिंग' म्हणतात. मध्यम वेगात पुढचे एखादे चाक खड्ड्यात आदळताच दोन्ही चाके डावी-उजवीकडे वेगाने हलू लागतात, स्टिअरिंग हातात धरवत नाही आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत हे थांबत नाही. घाटात उतरताना असे घडल्यास अपघाताचा धोका मोठा असतो. अनेक ठिकाणी यावर उपाय म्हणून फक्त नवा स्टिअरिंग डँपर बसवून दिला जातो. थरथर काही दिवस दबते, कारण तसेच राहते आणि गाडी याच अवस्थेत पुढच्या मालकाला विकली जाते. वस्तुतः डँपर हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी किंगपिनांचा दाब, चाकांची बेअरिंगे, टाय-रॉडची टोके, स्टिअरिंग बॉक्समधील सैलपणा, पाट्यांचे बुश, चाकांचे संतुलन व टो-इन यांची क्रमाने तपासणी व्हावी लागते.

दोष चाकाच्या बेअरिंगात आहे की किंगपिनात, हे ओळखण्याची रीत सोपी आहे. पुढचे चाक जॅकवर उचलून वरून व खालून धरून हलवतात. सैलपणा जाणवल्यास दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवण्यास सांगून पुन्हा हलवतात. ब्रेक दाबताच सैलपणा नाहीसा झाला तर चाकाचे बेअरिंग सैल आहे. तो तसाच राहिला तर किंगपिन झिजलेला आहे.

दोन्ही बाजूंची चार बेअरिंगे, आतली-बाहेरची सीले आणि ग्रीस बदलण्याचे काम अनुभवी मेकॅनिकला साधारण एक दिवस लागते. भागांची किंमत व मजुरी मिळून खर्च काही हजार रुपयांत बसतो. एवढ्या गंभीर दोषाला इतकी स्वस्त दुरुस्ती क्वचितच असते. अट एकच, की काम दोन्ही बाजूंचे एकाच वेळी व्हावे आणि किंगपिनांचा दाब अंदाजाने नव्हे, तर स्प्रिंगच्या काट्याने मोजून जुळवलेला असावा. बर्फील्ड सांधा झिजलेला असल्यास खर्च वाढतो. चारचाकी गती लावून, मऊ जमिनीवर पूर्ण वळणात हळू चालवताना येणारा कट्-कट् आवाज ही त्याची खूण.

ट्रान्सफर केस व चारचाकी गती

बहुतेक जीपवर्गीय गाड्यांत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला थेट जोडलेली असते. जिप्सीत ती वेगळी, चासीवर तीन रबरी माउंटांवर टांगलेली असते आणि एक आखूड शाफ्ट तिला गिअरबॉक्सशी जोडतो. ही रचना दुरुस्तीला सोयीची असली तरी तिचा भार या तीन रबरांवर येतो. त्यांपैकी एक जरी फाटले तरी केस वाकडी होते, शाफ्टचा कोन बदलतो, गाडी उचलताना 'ठक्' असा आवाज येतो आणि ठरावीक वेगाला संपूर्ण तळ कंप पावतो. अनुभव नसलेले मेकॅनिक हा आवाज डिफरन्शियलचा समजून ते उघडतात आणि मालकाच्या पदरी अकारण खर्च पडतो. माउंट बदलणे हे कमी खर्चाचे, काही तासांचे काम आहे. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस झिजल्यासही असाच आवाज येतो व तोही किरकोळ खर्चात जातो.

केसमधून भार पडताच गिअर निसटणे, चालू गाडीत सतत हुंकारासारखा आवाज येणे किंवा तेल गळणे हे मात्र आतील झिजेचे लक्षण असून त्यासाठी ती उतरवून उघडावी लागते. केसमध्ये तेल थोडेच मावते, म्हणून लहानशी गळतीही काही महिन्यांत बेअरिंगे जाळू शकते. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचे व मागचे डिफरन्शियल या चारही ठिकाणचे तेल स्वतंत्र असते. खरेदीपूर्वी चारही बूच उघडून पाहणे योग्य. तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी गेलेले आहे.

शहरात राहिलेल्या अनेक जिप्सींची चारचाकी गती वर्षानुवर्षे लावलेलीच नसते. परिणामी पुढच्या चाकांवरील फ्री-व्हीलिंग हब गंजून अडकतात किंवा लिव्हर हलत नाही. तिची चाचणी डांबरी रस्त्यावर करू नये. या गाडीत मध्यवर्ती डिफरन्शियल नसल्यामुळे पुढची व मागची चाके एकाच गतीने फिरण्यास बांधली जातात. वळणावर त्यांना वेगवेगळे अंतर कापावे लागते आणि टणक रस्त्यावर हा ताण सांध्यांवर येतो. वाळूत किंवा नांगरट केलेल्या मऊ जमिनीवर गती लावून, वळण घेऊन आणि पुन्हा काढून पाहणे ही योग्य चाचणी होय.

इंजिन, शीतन व क्लच

१.३ लिटरच्या इंजिनाचा ठोकळा ॲल्युमिनिअमचा आहे. नीट थंड ठेवल्यास ते दीर्घायुषी ठरते, तापल्यास मात्र क्षमा करत नाही. जंगलात किंवा चढावर कमी गिअरमध्ये तासन् तास चालताना हवेचा प्रवाह पुरेसा नसतो. रेडिएटर चिखल-गवताने बुजलेला असेल, त्यात साधे नळाचे पाणी घालून आतून क्षार चढला असेल किंवा 'गाडी तापते' म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकला असेल, तर हेड वाकते व गॅस्केट उडते. विस्तारटाकीतील पाण्यावर तेलकट तवंग, तेलाच्या झाकणाखाली पांढरा साय-सारखा थर आणि थंड इंजिन चालू करताच रेडिएटरमध्ये उठणारे बुडबुडे या त्याच्या खुणा आहेत. हेड उतरवून ते लेथ कारखान्यात सपाट करून घेणे, गॅस्केट, पाण्याचा पंप व होज बदलणे या कामाला दहा हजारांच्या आसपास किंवा त्याहून अधिक रक्कम लागते. रेडिएटर वेळेवर स्वच्छ करून घेण्याचा खर्च याच्या तुलनेत नगण्य आहे.

एक्झॉस्टमधून सतत निळा धूर येत असल्यास रिंगा किंवा झडपांची सीले झिजलेली असतात. सीलांचे काम स्वस्त आहे. रिंगा, बेअरिंगे व बोअरिंगसह संपूर्ण ओव्हरहॉलला काही दहा हजार रुपये लागतात, परंतु ते जवळजवळ कोणत्याही जिल्ह्याच्या गावी होऊ शकते. कॉम्प्रेशन टेस्टने हा खर्च समोर उभा आहे की नाही ते अर्ध्या तासात समजते. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल तर तो बदललेला नाही असे धरून चालावे.

कार्ब्युरेटरच्या गाड्यांत जेट तुंबणे, थ्रॉटलच्या दांड्याभोवती हवा ओढली जाणे आणि व्हॅक्यूमच्या नळ्या तडकणे यांमुळे इंजिन बेभरवशाचे होते. दुरुस्ती स्वस्त, पण कार्ब्युरेटर जुळवणारे कारागीर आता कमी उरले आहेत. एमपीएफआय गाड्यांत सेन्सर, त्यांचे जोड आणि टाकीतील इंधनपंप हे तक्रारीचे विषय आहेत. जुन्या टाकीतील गंजाचे कण नवा पंपही काही दिवसांत निकामी करतात, म्हणून पंपासोबत टाकीचीही तपासणी केली जाते.

क्लच केबलवर चालतो. प्लेट, प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग हा संच एकत्रच बदलणे हिताचे, कारण गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी पुन्हा द्यावी लागत नाही. हा खर्चही काही हजारांतच राहतो.

ब्रेक आणि पाटे

जिप्सी किंगला पुढे डिस्क व मागे ड्रम ब्रेक आहेत. मागच्या एक्सलचे टोकाचे ऑइल सील गेल्यास गिअर ऑइल ड्रममध्ये उतरते आणि ब्रेकचे लायनर भिजतात. भिजलेले लायनर धुऊन पुन्हा वापरण्याची पद्धत धोकादायक आहे. तापल्यावर त्यांतून तेल पुन्हा वर येते. पुढचे कॅलिपर दीर्घकाळ न वापरल्याने अडकतात. पाट्यांत एखादे पान तुटलेले असले तरी गाडी चालत राहते, फक्त एका बाजूला झुकते; म्हणून सपाट जागी गाडी उभी करून चारही चाकांवरील उंची मोजून पाहतात. बुश व शॅकल यांचा संच स्वस्त आहे, परंतु गंजलेले बोल्ट कापून काढावे लागल्यास मजुरी भागांच्या किमतीपेक्षा जास्त होते.

बदल केलेल्या गाड्या

जिप्सी ही हौशी मालकांची आवडती गाडी असल्याने मूळ अवस्थेतील गाडी क्वचित मिळते. लांब शॅकल किंवा जाड पाटे बसवून उंची वाढवली की पुढच्या एक्सलचा कोन बदलतो, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होण्याची प्रवृत्ती घटते आणि वर वर्णिलेल्या थरथरीला निमंत्रण मिळते. मोठे टायर चाकांची बेअरिंगे, बर्फील्ड सांधे व क्लच यांवर अधिक भार टाकतात, शिवाय वेगमापक प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. अशा गाडीच्या जाहिरातीत बदलांवर झालेला खर्च मोठ्या आकड्यात सांगितला जातो. दुरुस्तीच्या दृष्टीने पाहिल्यास त्यातील बराचसा खर्च पुढच्या मालकाला पुन्हा उलटा करावा लागतो.

डिझेल इंजिन बसवलेल्या जिप्सीही आढळतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनात उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात ही भूमिका स्पष्ट केली. इंजिन बदलास परवानगी व नोंदणीपत्रावर नोंद नसेल, तर अशा गाडीचे नूतनीकरण अडते आणि अपघात झाल्यास विमा-दाव्यावरही वाद निर्माण होतो.

सुटे भाग

दिल्लीतील काश्मिरी गेट हा नव्या भागांचा मोठा घाऊक बाजार आहे. मोडीत काढलेल्या गाड्यांचे भाग दिल्लीत मायापुरी आणि मुंबईत कुर्ला येथे मिळतात. सुझुकीच्या एसजे मालिकेतील गाड्या जगभर विकल्या गेल्यामुळे एक्सल व ट्रान्सफर केसचे अनेक भाग परदेशातूनही मागवता येतात. सर्वांत दुर्मीळ झाले आहेत ते यांत्रिक नव्हेत, तर बॉडीचे भाग: मूळ दारे, काचेची चौकट, कडक छताचे रबर, आतील प्लॅस्टिक.

बेअरिंगे व सीले यांच्या नकली प्रती बाजारात मोठ्या प्रमाणात आहेत. नकली सील मूळ सीलाच्या एका अंशाला मिळते. पण ते बदलण्यासाठी संपूर्ण नकल पुन्हा उघडावे लागत असल्याने बचत पहिल्या पावसाळ्यातच संपते.

कागदपत्रे व नूतनीकरणाचा खर्च

चासीवरील कोरलेला क्रमांक व इंजिन क्रमांक नोंदणीपत्राशी प्रत्यक्ष ताडून पाहणे हा यांत्रिक तपासणीचाच भाग मानला पाहिजे. गंजामुळे क्रमांक पुसट होणे, चासीला वेल्डिंग करताना तो झाकला जाणे किंवा इंजिन दुसऱ्या गाडीचे असणे या गोष्टी जिप्सीत वारंवार दिसतात. सैन्याच्या निर्लेखित गाडीला नागरी क्रमांक मिळालेला असल्यास लिलावाची कागदपत्रे सोबत असणे आवश्यक ठरते. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांनंतर दिल्ली परिसरात १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले आणि अशा अनेक गाड्या ना-हरकत प्रमाणपत्रावर इतर राज्यांत विकल्या गेल्या. महाराष्ट्रात त्यांची पुन्हा नोंदणी करताना राज्याचा मोटार वाहन कर वेगळा भरावा लागतो, हे स्वस्त वाटणाऱ्या किमतीत धरलेले नसते.

खासगी गाडीची मूळ नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर प्रादेशिक परिवहन कार्यालयात गाडीची तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवली जाते. एप्रिल २०२२ मध्ये १५ वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५००० रुपये झाले होते. त्याखेरीज महाराष्ट्रात पर्यावरण कर द्यावा लागतो. तपासणीत ब्रेक, दिवे, धूर व चासी क्रमांक पाहिले जातात. त्यामुळे नूतनीकरण जवळ आलेली गाडी विकत घेताना ब्रेक व एक्झॉस्टच्या दुरुस्तीचा खर्च शुल्कात मिळवूनच किंमत ठरवली जाते.